कड्याच्या भेगेत जगणारी शिंदळ माकुडी

नायगावच्या बी. डी. डी. चाळीतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. अंगण नाही की परसदार नाही. तरीही १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या चाळींच्या खिडक्यांत रिकाम्या डब्यांतून तुळस वाढली आणि तिच्या जोडीला कोरफड व पानफुटीही. कुटुंब महिनाभर गावी गेले तरी या दोन वनस्पती तग धरतात. कारण पाण्याचा साठा त्या आपल्या मांसल अवयवांत बाळगतात. याच प्रकृतीची, परंतु जगात केवळ महाराष्ट्रातच नैसर्गिकरीत्या आढळणारी एक चिमुकली वनस्पती म्हणजे शिंदळ माकुडी होय.

जुन्नरच्या डोंगरांतून मिळालेल्या या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन मुंबई इलाख्यातील वनाधिकारी निकोल डॅलझेल यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केले आणि तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' असे नाव दिले. मुंबईतील फ्रिअर रोडचे पुढे पी. डिमेलो मार्ग असे नामांतर झाले. वनस्पतीच्या आधुनिक शास्त्रीय नावात मात्र गव्हर्नरसाहेब अद्याप टिकून आहेत. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्याच ठिकाणी, उभ्या कड्यांच्या भेगांत साचलेल्या मूठभर मातीत ती वाढते.

सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडत असताना कोरड्या प्रदेशाची ही लक्षणे कशासाठी, असा प्रश्न वाचकास पडेल. त्याचे उत्तर कातळात आहे. तेथे पाणी ठरत नाही. पावसाळा सरताच कडा तापू लागतो आणि पुढील कित्येक महिने वनस्पतीला वाळवंटाचाच अनुभव येतो. कोरड्या माळांवर वाढणारे माकडशिंग हे तिचे नातलग. त्याला नावापुरतीही पाने दिसत नाहीत. शिंदळ माकुडीला मात्र पावसाळ्यात चांगली हिरवी पाने फुटतात आणि कोरड्या दिवसांत ती गळून पडतात.

या दुहेरी संसाराचे मर्म १९७७ मध्ये ओ. एल. लांगे व एम. झूबर या जर्मन शास्त्रज्ञांनी उलगडले. पाने सामान्य झाडांप्रमाणे दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात. मांसल खोड तो रात्रीच्या गारव्यात घेऊन आम्लरूपाने साठविते व दिवसा रंध्रे मिटून वापरते. त्यामुळे पाण्याची वाफ फारच थोडी होते. सुगीत मिळवावे आणि दुष्काळात काटकसर करावी, असा हा एकाच रोपातील व्यवहार आहे.

तिचे फूल चांदणीच्या आकाराचे, गडद तांबूस व पिवळ्या ठिपक्यांचे असते. दिसायला देखणे, पण वास कुजकट! त्या वासाने माश्या येतात आणि परागीभवन घडते. बियांना केसांचा झुबका असतो. तो वाऱ्यावर तरंगत जातो. मात्र बी नेमके भेगेत पडले तरच रूजते, आणि गुरांची चराई, वणवे व हौशी संग्राहकांचे हात यांतून वाचलेली रोपे थोडीच उरतात.

खोडाच्या कांडीपासून रोप सहज तयार होते, हे खरे. परंतु असे रोप मूळ झाडाचीच प्रत असते. बियांतून येणारे वैविध्य त्यात नसते. म्हणून कुंड्यांची संख्या वाढली तरी कड्यावरील झाडांचे मोल कमी होत नाही. ज्यांना ही वनस्पती घरी लावावयाची असेल त्यांनी गडावरून ती न उपटता रोपवाटिकेत वाढविलेले रोपच घ्यावे. नायगावच्या खिडकीतील डब्यालाही ते पुरते: तळाला भोके पाडावीत, मातीत भरपूर वाळू मिसळावी, माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावे आणि पाने गळाली म्हणून रोप मेले असे समजून फेकून देऊ नये.