तुझ्याकडे होतं ना?
शंका-समाधान : सॅक पाठीवर टाकून परदेशी निघालेल्या जोडप्यांसाठी

या वेळची बहुतेक पत्रं वैराग, बार्शी, मोहोळ भागातली आहेत. वाचताना एक गोष्ट जाणवली. रस्त्यात फजिती झालेल्या प्रत्येक जोडप्याच्या गोष्टीत कुठेतरी एक वाक्य येतंच : "तुझ्याकडे होतं ना?" एकटा माणूस चुकला तर स्वतःवर चिडतो. दोघं असली की दोघंही निर्धास्त राहतात, आणि वस्तू तिसऱ्याच माणसाकडे जाते.

"आम्ही वैरागचे. डिसेंबरात बारा दिवस व्हिएतनामला जायचंय, टूर कंपनीबरोबर नाही, आपलं आपण. बायकोचा पासपोर्ट लग्नाआधीचा आहे, त्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर सासरचं. पासपोर्ट बदलावा लागेल का? घरचे तर म्हणतात, जाऊच नका."

बदलावा लागणार नाही. लग्नानंतर पासपोर्टावरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. मुदत तेवढी बघा, प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवेत. आधारवर काय लिहिलंय हे परदेशातला इमिग्रेशनचा माणूस विचारत नाही. त्याच्यासमोर पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट असतं. या तिन्हींवर अक्षरन् अक्षर एकच नाव हवं. विम्याच्या कागदावरही तेच.

खरी गंमत पुढे आहे. आपलं नाव तीन मजली : स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टात रकाने मात्र दोनच. त्यामुळे मधलं नाव बहुधा स्वतःच्या नावाला चिकटून पहिल्या रकान्यात बसतं. तिकीट काढताना आपण सवयीनं मधलं नाव गाळतो किंवा लाडाचं नाव टाकतो, नाहीतर बायकोपुढे सासरचं आडनाव लावून मोकळे होतो. फॉर्म भरताना पासपोर्ट उघडा ठेवा आणि फोटोच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी बघा, त्या बाणांसारख्या खुणांच्या. यंत्र त्याच वाचतं. त्यात जे आहे तेच लिहायचं. कुणाच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा राहिला असेल तर त्यांनी जास्त जपा. एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टावर भेटीचा व्हिसा द्यायचा नाही, असं संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं.

तरीही बदलायचाच असेल तर आधी पासपोर्ट बदला आणि मगच व्हिसाचा अर्ज करा. नव्या पासपोर्टाला नवा नंबर येतो, आणि जुन्या नंबरावर काढलेला ई-व्हिसा कागदापुरता उरतो. सोलापूरच्या पोस्टातल्या केंद्रात अर्ज देऊन आलात की पोलीस पडताळणीसाठी वैराग ठाण्यातून बोलावणं येईल. त्या दिवसांत दोघंही गावात असा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. एकदाच आत जायचं असेल तर २५ डॉलर. अर्जात कुठल्या विमानतळावर उतरणार ते विचारतात, तिथे अंदाजानं काही टाकू नका.

घरच्यांसाठी एक उपाय. गावातल्या वाचनालयातून मीना प्रभु यांचं 'तुर्कनामा' किंवा 'गाथा इराणी' आणून सासूबाईंच्या हातात द्या. लंडनमध्ये राहिलेली ही मराठी डॉक्टरबाई देशोदेशी बहुतेक एकटीनं हिंडली. तुम्ही तर दोघं आहात.

"दोघांचे पासपोर्ट, पैसे, कार्डं, सगळं यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये असतं. मला म्हणतात, तू विसरशील. पाऊचच गेलं तर?" (एक ताई, बार्शी)

ताई, आमचं गेलं होतं. देशाचं नाव सांगत नाही, दोष त्याचा नव्हता. रात्रीची बस होती. झोपताना पाऊच टोचतं म्हणून नवऱ्यानं ते सॅकमध्ये टाकलं, आणि सॅक बसच्या पोटात. पहाटे एका थांब्यावर कुणीतरी तशीच काळी सॅक समजून आमची घेऊन उतरलं. उजाडल्यावर आमच्या हातात जी सॅक आली तिच्यात ओले बूट होते. दोघांचे पासपोर्ट, दोन्ही कार्डं आणि नवऱ्याचा चष्मासुद्धा गेला. "तुझ्याकडे होतं ना?" हे वाक्य त्या सकाळी कोण आधी म्हणालं, यावर आमच्याकडे अजून वाद आहे.

वाचलो ते माझ्या सॅकच्या तळाशी प्लास्टिकमध्ये असलेल्या झेरॉक्स आणि चार फोटोंमुळे. अशा वेळी पहिलं काम स्थानिक पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत. भाषा येत नसेल तर हॉटेलवाल्याला सोबत न्या. मग भारतीय वकिलात. लगेच परतायचं असेल तर तिथे तात्पुरतं प्रमाणपत्र देतात, त्याला 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' म्हणतात. त्यावर फक्त भारतात परत येता येतं, पुढच्या देशात जाता येत नाही. पुढे हिंडायचंच असेल तर नवा पासपोर्ट मागावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. लोक एक गोष्ट विसरतात. हरवलेल्या पासपोर्टाबरोबर तुमचा व्हिसा आणि आत आल्याचा शिक्काही गेलेला असतो. म्हणून प्रमाणपत्र हातात पडलं तरी थेट विमानतळ गाठू नका. त्या देशाच्या इमिग्रेशन कार्यालयातून बाहेर पडण्याची परवानगी लागेल का, हे वकिलातीतच विचारून घ्या. हरवल्याची नोंद झाल्यावर जुना पासपोर्ट सापडला तरी तो वापरायचा नाही, तो रद्द झालेला असतो.

यजमानांना सांगा, प्रश्न विसराळूपणाचा नाहीच. आपापला पासपोर्ट आपापल्या अंगावर, आणि एकमेकांची झेरॉक्स एकमेकांच्या सॅकमध्ये. कार्डं दोन वेगळ्या बँकांची, दोघांकडे एकेक. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घ्या, ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर तो बंदच असतो. आणि ओटीपी ज्या नंबरावर येतो ते सिम घरी टेबलाच्या खणात ठेवून जाऊ नका. ओळखीच्या एका जोडप्यानं बारा दिवस रोज धाकट्या दिराला पहाटे उठवून ओटीपी विचारला.

परदेशात एटीएम "रुपयांत हिशोब करू का?" असं विचारतं. नको म्हणा, त्यात दर वाईट लावतात. तिथल्याच चलनात घ्या.

"लेक-जावई पाठीवर पिशव्या टाकून दुबईत दोन दिवस थांबून जर्मनीला निघालेत. कडक भाकरी, शेंगाची चटणी, घरचा मसाला आणि तूप द्यायचं आहे. चालेल ना?" (एक आई, वैराग)

काकू, भाकरी आणि चटणी खुशाल द्या. कडक भाकरी टिकते आणि वजनाला हलकी, सॅकवाल्यांसाठी याहून बरा शिधा मला माहीत नाही. चुरा होईल म्हणून पसरट डब्यात भरा. चटणी कोरडी ठेवा.

मसाल्यात खसखस घातली आहे का, ते मात्र आठवून बघा. अमिरातींत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, तिच्यातल्या अफूच्या अंशामुळे. आपल्याला ती अनारशाची वाटते, तिथल्या कायद्याला अमली पदार्थ वाटतो, आणि प्रकरण दंडावर भागेलच असं नाही. शंका असेल तर मसाला घरीच राहू द्या. जावयांच्या सॅकमध्ये तंबाखूबरोबर गुटख्याची पुडी गेली नाही ना, हेही हळूच बघा. खोकल्याचं किंवा दुखण्याचं औषध असेल तर ते तिथे चालतं का ते आधी तपासा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत द्या.

तूपही नको. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यात तूप आलं, पेढेही आले. ताजा कढीपत्ताही देऊ नका.

लेकीला एवढं सांगा, की हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात चटणीचा डबा उघडा ठेवायचा नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली माणसं तिकडे भेटतात आणि ती ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

"बालीत स्कूटर भाड्यानं घेऊन फिरणार. दोघांनाही गाडी येते. लायसन्स फक्त माझं आहे, कारचं. चालेल का?" (मोहोळ)

नाही. भाड्यानं देणारा काहीच विचारणार नाही, म्हणून ते चालतं असं वाटतं. पडल्यावर विमा कंपनी विचारते. दुचाकीचं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, डोक्यावर हेल्मेट नसेल किंवा पोटात बिअर असेल, तर प्रवास विमा असूनही दवाखान्याचं बिल तुमच्याच गळ्यात. परवाना आपल्या आरटीओत मिळतो, नमुना '४ अ', फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पण मुळात ज्या वाहनाचं लायसन्स आहे त्याचाच तो मिळतो, तेव्हा आधी दुचाकीची परीक्षा द्या. वहिनींनीही द्यावी.

गाडीच्या बदल्यात पासपोर्ट ठेवून घेऊ म्हणाले तर दुसरं दुकान बघा. अनामत रोख द्या, आणि निघण्यापूर्वी जुन्या ओरखड्यांचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा.

"पॉवर बँक २०,००० एमएएचची आहे. सामानात टाकू का?" (माढा)

चेक-इनच्या सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. मर्यादा १०० वॉट-तासांची असते. तुमची साधारण ७४ भरते, म्हणजे चालेल. पण आकडा तिच्यावर छापलेला दिसायला हवा, पुसला असेल तर तपासणीत काढून घेतात.

"तिसऱ्या दिवशी आमचं बोलणंच बंद झालं. कारण विचाराल तर आठवत नाही." (नाव-गाव छापू नये)

कारण सहसा भूकच असते. दुपारी दोन वाजता, पाठीवर दहा किलो, कुठलं हॉटेल स्वस्त यावर चर्चा सुरू असते, तेव्हा रामसीतेचंही बिनसलं असतं. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात दोघांपुरतं खाणं ठेवा. जुलाब झाले असतील तर वाद बाजूला ठेवून एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, लहान चहाच्या चमच्यानं मोजून. घोटघोट प्यायला द्या. ताप आला किंवा रक्त दिसलं तर मात्र डॉक्टर.

दिवस वाटून घ्या, हे आम्हाला लागू पडलं. आज रस्ता, जेवण, मुक्काम सगळं ती ठरवणार, उद्या तो. ज्याचा दिवस नाही त्यानं नकाशात डोकावायचं नाही. नवऱ्याला हे शिकायला दोन देश लागले, मला तीन.

आणि चार-पाच दिवसांनी एक दुपार वेगवेगळी घालवा. तिला बाजार बघू दे, तुम्ही झोपा काढा. संध्याकाळी भेटून सांगायला काहीतरी उरतं. तेवढं हॉटेलचं कार्ड मात्र दोघांच्याही खिशात असू द्या. आमचं एकदा एकाच्याच खिशात राहिलं, आणि ज्याच्या खिशात होतं तो खोलीवर गाढ झोपला होता.