ग्राहकाने मेसेज केला की उत्तर गेलंच पाहिजे: छोट्या धंद्यासाठी एसएमएस सेवा

व्हिडिओत आपण एसएमएस सेवेची ओळख करून घेतली. आता वही-पेन घ्या, पायरीपायरीने करूया.

आधी एक फरक लक्षात घ्या. एकच ऑफर हजार जणांना पाठवणं म्हणजे बल्क एसएमएस. आपली सेवा दुतर्फी आहे. ग्राहक मेसेज करून विचारतो आणि त्याला लगेच उत्तर मिळतं. "हे व्हॉट्सॲपवर होत नाही का?" होतं ना! तुमचे सगळे ग्राहक तिथे असतील तर तिथूनच सुरुवात करा, पद्धत तीच. पण एसएमएसला इंटरनेट लागत नाही, साध्या बटणाच्या फोनवरही चालतो. आपल्या कोकणात वाडीवस्तीवरचा ग्राहक असेल तर हे महत्त्वाचं आहे.

वारणेचा धडा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणा साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये गावोगावी संगणक केंद्रं उभी करण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या टीमने पाहिलं, की शेतकरी तिथे येऊन मुख्यतः उसाचं उत्पादन, खताची उचल अशी ठरावीक माहितीच विचारतात. त्यासाठी संगणक सांभाळणं महाग पडत होतं. म्हणून सात गावांत एसएमएसचा प्रयोग झाला. मेसेज पाठवायचा, कारखान्याकडच्या संगणकातून उत्तर यायचं. तेच काम स्वस्तात झालं आणि शेतकऱ्यांना ते सोयीचंही वाटलं.

यात आपल्यासाठी काय आहे? त्यांनी नवीन प्रश्न शोधले नाहीत. लोक रोज विचारत होते तेच घेतले. आणि उत्तरं कारखान्याच्या नोंदीत आधीच तयार होती. सॉफ्टवेअर कोणीही करून देईल. प्रश्न आणि ताजी उत्तरं मात्र तुमचीच लागतात.

पायरी १: आठवडाभर प्रश्न लिहा

फोनवर, काउंटरवर जे विचारलं जातं ते सगळं वहीत उतरवा. आंब्याचा धंदा असेल तर बहुतेक असंच दिसेल: आजचा भाव काय, पेटी शिल्लक आहे का, माझी पेटी निघाली का. सर्वात जास्त वेळा आलेले तीनच प्रश्न निवडा. दहा पर्याय दिले तर ग्राहक सरळ फोनच करेल.

पायरी २: उत्तराची जबाबदारी एकाला द्या

रोज सकाळी भाव कोण बदलणार? तुम्ही, वहिनी की दुकानातला मुलगा? एक नाव ठरवा. कालचा भाव आज गेला तर ग्राहक त्याच भावाने पेटी मागणार. मग एक तर तोटा सोसा, नाहीतर वाद घाला. एवढं करूनही तो पुन्हा मेसेज करेल याची खात्री नाही.

पायरी ३: ७० चा हिशोब

इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणं हे सगळं वेगळं मोजलं जातं. "रत्नागिरी" आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण मोजणीत नऊ धरली जातात. ७० च्या वर गेलात की दोन मेसेजचे पैसे लागतात. हा नमुना बघा (आकडा उदाहरणापुरता):

"हापूस ४ डझन पेटी: ३२०० रु. आज उपलब्ध. ऑर्डरसाठी १ पाठवा."

हे ५६ झाले. दुकानाच्या नावाला १४ उरले.

ग्राहकाला शब्द टाइप करायला लावू नका. "भाव" हा शब्द रोमन लिपीत प्रत्येकजण वेगळ्या स्पेलिंगने लिहितो. १, २, ३ असे आकडे द्या आणि मराठी-इंग्रजी दोन्ही आकडे चालतील असं करून घ्या. चुकीचा मेसेज आला तरी गप्प बसू नका, पर्यायांची यादी परत पाठवा.

पायरी ४: आधी हाताने चालवा

ओळखीच्या वीस ग्राहकांना नंबर द्या आणि आठवडाभर स्वतः उत्तरं द्या. लोक खरंच विचारतायत असं दिसलं, तरच खर्च करा.

पायरी ५: नंबर आणि नोंदणी

मेसेज घेण्यासाठी दहा आकडी लाँग कोड भाड्याने मिळतो. पाच आकडी शॉर्ट कोड महाग असतो, सुरुवातीला नको. उत्तर पाठवण्यासाठी ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटी पोर्टलवर धंद्याची नोंदणी, हेडर (म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागतं. टेम्प्लेटमध्ये भाव आणि साठ्याची जागा बदलती ठेवा, नाहीतर भाव बदलला की नवीन मंजुरी! ही सगळी कामं सीझनच्या आधी उरका. मार्चमध्ये धावपळ नको.

घरच्या सिमवरून जाहिरातीचे मेसेज सोडू नका. तक्रारी झाल्या तर नंबर बंद होऊ शकतो, आणि तोच नंबर सगळ्या ग्राहकांकडे असतो. अजून एक: कोणी भाव विचारला म्हणजे त्याने कायम जाहिराती पाठवायची परवानगी दिली असं होत नाही. ती वेगळी विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. सात दिवस प्रश्नांची वही ठेवा.
२. तीन प्रश्न निवडून प्रत्येकाचं उत्तर ७० च्या आत लिहा.
३. प्रत्येक उत्तरासमोर ते रोज ताजं ठेवणाऱ्याचं नाव टाका.

तिसऱ्या रकान्यात नाव सुचत नसेल, तर तो प्रश्न सेवेत घेऊच नका. दोन प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली तरी ग्राहक पुन्हा मेसेज करतो.