गाणं विका, सातबारा विकू नका

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने बारावीनंतर ‘मला गाणी लिहायची आणि करायची आहेत’ असं सांगितलं, तर घरातून पहिला प्रश्न पोटापाण्याचा येतो, आणि तो रास्तच आहे. मात्र उत्तर शोधताना पालक भलतीकडेच पाहतात: गळा कसा आहे, टीव्हीवरच्या स्पर्धेत नंबर लागेल का, मुंबईत कोणाची ओळख आहे का. लोकगीतांच्या धंद्यात कमाई ठरवणारा प्रश्न निराळा आहे. तयार झालेलं गाणं कागदावर कोणाच्या नावावर आहे? शेतकरी दरवर्षी धान विकतो, सातबारा विकत नाही. आपल्याकडचे कवी-शाहीर मात्र बहुतेक वेळा दोन्ही एकदमच देऊन मोकळे झाले, आणि ‘कलेत पैसा नाही’ हा समज त्यातूनच पक्का झाला, असं माझं ठाम मत आहे.

कारण मागणी तर डोळ्यांसमोर आहे. धानाची कापणी झाली की दिवाळीनंतर साकोली, लाखनी, लाखांदूरकडे मंडया म्हणजे गावजत्रा भरतात, दंडार आणि खडीगंमत ही लोकनाट्यं उभी राहतात. पुढे होळीच्या आसपासपर्यंत झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्याची, नाटकं तिकीट लावून रात्रभर चालतात. वैनगंगेच्या खालच्या अंगाला असलेलं वडसा हे नाट्यमंडळांचं मुख्य ठाणं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ची लोकसभा पोटनिवडणूक ज्या भंडाऱ्यातून लढवली, तिथे १४ एप्रिलला भीमगीतं लागतातच. शिवाय गणपती, नवरात्र, लग्नं, निवडणुकीचा प्रचार, सरकारी योजनांची कलापथकं आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या संशोधकाने झाडीबोली आणि दंडारीवर आयुष्यभर काम करून ठेवलं आहे. नव्या गीतकाराला एवढी तयार शिदोरी फार थोड्या जिल्ह्यांत मिळेल. मुंबईतल्या निष्णात संगीत संयोजकाकडे यंत्रं उत्तम असतील, पण रोवणीला वाकलेल्या बाईच्या तोंडी कोणता शब्द येतो, हे इथल्या पोरीला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मग पैसा जातो कुठे? शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. त्याने श्रेय टिकलं, पण मोबदल्याचा हक्क त्या नावाने मिळत नव्हता. आज कायदा गीतकाराच्या बाजूने उभा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ध्वनिमुद्रित गाण्याचे हक्क कंपनीला दिले तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कायम राहतो. वारस किंवा हक्कसंस्था यांच्याशिवाय तो कोणाला लिहून देता येत नाही, आणि दिलाच तर तो करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असं कायदा धरतो. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. यातली मेख इथे आहे: ध्वनिमुद्रणाचा वेगळा हक्क असतो आणि तो ते मुद्रण घडवून आणण्याची जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याचा असतो. म्हणून जो गीतकार ढोलकीवाल्याला आणि गायिकेला ठरलेलं मानधन देऊन स्वतः रेकॉर्डिंग करतो, मिक्सिंग शिकतो, मंडपातल्या भोंग्यावर आणि मोबाईलवर गाणं कसं वाजेल हे ऐकून आवाज बसवतो, त्याच्या हाती शब्द, चाल आणि मुद्रण अशा तिन्ही गोष्टी राहतात. त्याच दिवशी एका कागदावर गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती टक्के, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. अमेरिकेत नॅशव्हिलला कंट्री संगीताची गाणी सहसा दोघे-तिघे मिळून लिहितात आणि वाटे ठरवतात. त्यात त्यांची मैत्री काही तुटत नाही.

‘गावात कॉपीराइट कोण मानतो?’ हा आक्षेप खरा आहे. मंडपात वाजलेल्या प्रत्येक गाण्याचे पैसे वसूल होणार नाहीत, आणि ऑनलाइन ऐकण्यातून सुरुवातीला चहापाणीही सुटणार नाही. पण इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या हक्कसंस्थेचं सभासदत्व आणि नीट नोंदवलेली गाणी असली, तर वर्षं जातील तशी रक्कम साचते. न नोंदवलेल्या गाण्याचं काहीच साचत नाही. ‘चाल तर परंपरेची, ती आपली कशी?’ हेही बरोबर. पारंपरिक चालीवर कोणी मालकी सांगू नये. नवे शब्द मात्र लिहिणाऱ्याचेच. धंदा हंगामी आहे, हे मला नाकारायचं नाही. म्हणून पावसाळ्यात रेकॉर्डिंगची कामं, जाहिरातींच्या जिंगल्स, पुढच्या हंगामाच्या नाटकांची गाणी अशी जोड लागते. रात्रभराच्या कार्यक्रमांमुळे मुलीला नको म्हणणाऱ्या घरांनी एवढं पाहावं, की लिहिणं आणि ध्वनिमुद्रण दिवसा, घराजवळच्या खोलीत होतं.

शिक्षणाच्या वाटाही आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा विशारदपर्यंत गावात राहून देता येतात. गोंदिया ओलांडलं की छत्तीसगडमध्ये खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, १९५६ पासूनचं. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा अभ्यासक्रम करता येतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी दोन वर्षं दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्तीही आहे. साधी पदवी सोबत चालू द्यावी. कर्ज काढून स्टुडिओ मात्र उभारू नये: एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस, एक बरा माईक आणि हेडफोन एवढ्यावर पहिली दहा गाणी होतात, आणि ती दहाही कोणाच्या नावावर आहेत हे पालकांनी स्वतः कागद पाहून तपासावं.