३१५ बोअरचें काडतूस आणि पिकाची राखण

सोलापूर जिल्ह्यांत ज्वारी हुरड्यास आली म्हणजे रानडुकरांच्या उपद्रवाच्या तक्रारी ऐकूं येतात, आणि ‘एखादी रायफल हातीं असती तर!’ असा उद्गारही निघतो. म्हणून रायफलीचें काडतूस कोणत्या कामासाठीं योजिलेलें असतें व राखणीस तें कितपत योग्य, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

मध्यम आकाराच्या जनावरांच्या शिकारीसाठीं आपल्या देशांत परिचित झालेलें काडतूस म्हणजे ३१५ बोअरचें. त्याचें मूळ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या १८९० सालच्या लष्करी म्यानलिकर काडतुसांत आहे. लष्कराच्या ३०३ रायफलीचीं काडतुसें खासगी लोकांच्या हातीं जाऊं नयेत, असें इंग्रजी अमदानींत सरकारचें धोरण होतें. त्यामुळें विलायती कारखानदारांनीं हें निराळें काडतूस चालेल अशा शिकारी रायफली हिंदुस्थानासाठीं बनविल्या. पुढें पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतही हीं काडतुसें तयार होऊं लागलीं.

काडतुसाचे भाग चार : पितळेचें नळकांडें, बुडाची टोपी, आंतील धूर न करणारी दारू व तोंडाशीं बसविलेली गोळी. नळकांडें सुमारें ५० मिलिमीटर लांब असतें. गोळीचें वजन २४४ ग्रेन, म्हणजे सुमारें १६ ग्रॅम. नळींतून सुटतांना तिचा वेग सेकंदास सुमारें २,००० फूट. शिकारी गोळीच्या टोंकाचें शिसें उघडें ठेवलेलें असतें. तें जनावराच्या अंगांत शिरतांच पसरतें व जखम रुंद होते. चितळ किंवा रानडुक्कर एका गोळींत पडावें, हा या रचनेचा हेतु.

परंतु जो गुण शिकारींत उपयोगी, तोच शेतांत घातक ठरतो. साध्या बंदुकीच्या छऱ्यांचा जोर थोड्या अंतरावर ओसरतो; रायफलीची चुकलेली गोळी मैलाहून अधिक दूर जाऊं शकते. ज्वारीचीं ताटें तिला अडवीत नाहींत. आपला मुलूख सपाट. गोळी झेलावयास मागें टेकडी नाहीं. पलीकडच्या मचाणावर शेजारी जागत असतो, माळावर धनगराचा वाडा उतरलेला असतो. रात्रीं नुसत्या हालचालीवर झाडलेली गोळी कोठें विसांवेल, हें कोण सांगणार?

कायद्याचा रोखही असाच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती अपुरी वाटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देतां येते. आटे पाडलेल्या नळीची रायफल त्या तरतुदींत येत नाहीं. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें रानडुकरासाठींही मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्यानें अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूस दिसणारें काळवीट तर पहिल्या अनुसूचींतील. पिकाची नासाडी हें तें मारण्यास कारण होऊं शकत नाहीं.

तेव्हां आमची सूचना अशी कीं, रायफलीसाठीं खर्च करण्याऐवजीं शेजाऱ्यांनीं मिळून कुंपण करावें, राखणीच्या पाळ्या लावाव्या, आणि नुकसान झाल्यास वनखात्यास लागलीच कळवून पंचनामा करवून घ्यावा व भरपाई मागावी. एका रात्रीचें पीक गेलें तर पुढल्या हंगामीं पुन्हां पेरतां येतें. सुटलेली गोळी मात्र परत बोलावितां येत नाहीं.