व्हर्च्युअल डेस्कटॉपचं अपग्रेड : फुकट आवृत्तीची खरी किंमत

सपोर्टचा करार चालू असेल तर सिट्रिक्स किंवा हॉरायझनची नवी आवृत्ती उतरवून घ्यायला सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणून खर्च विचारला की पुरवठादार सहज सांगतो, "सॉफ्टवेअरचं काही नाही, आमचे दोन-चार दिवसांचे पैसे द्या." हे खोटं नसतं, अपुरं असतं. खाली हायपरव्हायजर, त्यावर ब्रोकर (कुणाला कोणता डेस्कटॉप द्यायचा हे ठरवणारा) आणि डेटाबेस, मग विंडोज आणि टोकाला टेबलावरचा थिन क्लायंट अशी ही उतरंड आहे. मधलं मडकं बदलायचं तर बाकीची हलतातच, आणि पैसे तिथेच जातात.

आधी सपोर्टची तारीख पाहा. सिट्रिक्समध्ये प्रत्येक आवृत्तीला पात्रतेची तारीख असते. तुमचा करार तिच्या आधी संपला असेल तर नवी आवृत्ती त्या परवान्यावर चालणार नाही. शिवाय परवान्याची फाइल सर्व्हरवर चढवण्याची जुनी पद्धत १५ एप्रिल २०२६ ला संपवायचं कंपनीने जाहीर केलं. त्यामुळे लायसन्स सर्व्हरचं अपग्रेड सगळ्यात आधी करा, आणि तो बंद नेटवर्कमध्ये असेल तर सक्रियीकरण कसं करायचं हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

हॉरायझनवाल्यांचा घोळ वेगळा. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये हॉरायझनची मूळ कंपनी व्हीएमवेअर घेतली. जुलै २०२४ मध्ये हॉरायझनचा विभाग तिच्यापासून सुटून ऑमनिसा ही स्वतंत्र कंपनी झाली, पण खालचा हायपरव्हायजर, म्हणजे व्हीस्फिअर, ब्रॉडकॉमकडेच राहिला. म्हणजे ऑमनिसाच्या कोटेशनमध्ये व्हीस्फिअर धरलंय की नाही, हा पहिला प्रश्न. व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा हा थर टाळताही येत नाही. त्याचं वर्गणीचं बिल कोअरवर निघतं आणि एका प्रोसेसरचे किमान १६ कोअर धरले जातात. समजा तीन सर्व्हर आहेत आणि प्रत्येकात १२ कोअरचे दोन प्रोसेसर. प्रत्यक्ष कोअर ७२, बिल मात्र ९६ चं. एकतृतीयांश जास्त! कधी कधी सर्व्हरच बदलणं स्वस्त पडतं. निदान हिशेब तरी मांडून पाहा.

सगळ्यात मोठा आकडा मात्र विंडोजपाशी दडलेला असतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ब्रोकरचं अपग्रेड आणि विंडोज ११ ही दोन कामं बहुतेक ठिकाणी एकत्रच येतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, व्हर्च्युअल मशीनमध्ये ते आभासी असतं. व्हीस्फिअरवर त्यासाठी की प्रोव्हायडर हवा, ७.० अपडेट २ पासून तो आतच मिळतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. जुनी गोल्डन इमेज (सगळ्या डेस्कटॉपचा मूळ साचा) बायोसवर बांधलेली असेल तर ती यूईएफआयवर आणावी लागेल. ओढाताण करून ती बदलण्यापेक्षा नवी बांधावी असं माझं मत. वर्षानुवर्षांचा कचराही निघतो. मेमरीचा हिशेब चुकवू नका. डेस्कटॉपमागे दोन जीबी वाढवली तर शंभर डेस्कटॉपना दोनशे जीबी लागते, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरच्या कोटेशनमध्ये नसते.

विंडोज सर्व्हरवर सेशन देत असाल तर आरडीएस कॅल, म्हणजे त्या सेशनचे परवाने, तपासा. २०१९ चे कॅल २०२२ च्या सेशन होस्टला चालत नाहीत, उलट चालतं. परवान्याशिवाय १२० दिवस सगळं सुरळीत असतं, म्हणून चाचणीत कुणाला कळत नाही आणि चौथ्या महिन्यानंतर लोक लॉगिन करू शकत नाहीत.

टेबलावरच्या यंत्रांकडे जाऊन आवृत्ती वाचा. थिन क्लायंटवर विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ असेल तर त्याला जानेवारी २०३२ पर्यंत सपोर्ट आहे. ते बदलायचा आग्रह कुणी धरला तर कारण विचारा. जुने पीसी साध्या विंडोज १० वर चालत असतील तर संस्थांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटचा जाहीर दर पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, आणि दर वर्षी दुप्पट. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात. दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्याचे भरावेच लागतात. त्यापेक्षा अशा पीसीवर लिनक्सवर चालणारी थिन क्लायंट प्रणाली टाकणं बहुधा शहाणपणाचं.

आता क्रम. हॉरायझनमध्ये आधी कनेक्शन सर्व्हर, मग व्हर्च्युअल मशीनमधला एजंट, शेवटी क्लायंट. इमेजमध्ये व्हीएमवेअर टूल्स एजंटच्या आधी बसवायचे. जुनी लिंक्ड क्लोन पद्धत हॉरायझन ८ मधून काढून टाकली आहे. अजून सातवर असाल तर हे साधं अपग्रेड नाही, डेस्कटॉपचे पूल नव्याने बांधण्याचं काम आहे, आणि कोटेशन तसंच मागा. सिट्रिक्समध्ये साइट, मॉनिटरिंग आणि कॉन्फिगरेशन लॉगिंग या तिन्ही डेटाबेसचा बॅकअप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण डेटाबेस वर गेला की मागे यायचा रस्ता त्या बॅकअपमधूनच जातो. हॉरायझनच्या कनेक्शन सर्व्हरची माहिती एकमेकांत सतत उतरत असते. एकट्याचाच जुना स्नॅपशॉट परत आणला तर बिघाड वाढतो.

पुरवठादाराच्या मनुष्यदिवसांवर घासाघीस करताना एक अट घाला: परत जुन्यावर आणण्याचं कामही त्याच रकमेत. शनिवारी रात्रीचा दर वेगळा असतो, तो आधीच लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी वर धरा. उत्पादन किंवा व्यापारातल्या कंपनीला तो सहसा वजा मिळतो, बँका मात्र निम्म्या इनपुट क्रेडिटचा पर्याय घेऊ शकतात, म्हणून नागरी सहकारी बँकेच्या अंदाजपत्रकात हा आकडा बराचसा खर्चातच जातो.

चाचणीला संगणक विभागातली माणसं बसवू नका, त्यांचं सगळं चालतं. पासबुक प्रिंटर, बोटाचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचा डोंगल, हे जिथे रोज वापरलं जातं तिथले पाच-सहा जण घ्या. एजंट बदलला की यूएसबी जोडणी हमखास अडते. मार्चअखेरीच्या आसपास हे काम काढू नका. जुनी इमेज आणि जुना पूल एक पूर्ण महिनाअखेर पार पडेपर्यंत ठेवा. तेवढ्या काळासाठी स्टोरेज जास्त लागेल, आणि तेही आत्ताच अंदाजपत्रकात लिहा.