पुरानंतरचा पैसा आणि पुराआधीचा पैसा

कुरुंदा हे वसमत तालुक्यातले गाव. हा मुलूख हळदीचा. 2022 सालच्या जुलै महिन्यात इथे अतोनात पाऊस झाला. आसना नदी फुगली. पाणी गावात शिरलं, घरांत शिरलं. शेतातली कोवळी पिकं पाण्याखाली गेली.

पाणी ओसरलं, की जो तो विचारतो, "सरकार काय देणार?" प्रश्न बरोबर आहे. पण आम्ही म्हणतो, त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा : "पुढच्या पुराआधी सरकार काय करणार?" कारण सरकारकडे या कामाचे पैसे दोन प्रकारचे असतात.

पहिला, पुरानंतरचा पैसा. याला मदत म्हणतात. आपल्या राज्याच्या मदत निधीत दर 4 रुपयांतले 3 रुपये केंद्र सरकार घालते आणि 1 रुपया राज्य सरकार. मदत मिळते ती पंचनाम्यावर. पंचनामा म्हणजे पंचांसमोर लिहिलेला नुकसानीचा कागद. गावात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तो करतात. त्या साली ऑगस्टमध्ये राज्य सरकारने दर ठरवला : जिरायती पिकाला हेक्टरी 13,600 रुपये, बागायतीला 27,000 रुपये, तेही 3 हेक्टरपर्यंत. पण पिकाचे नुकसान निदान 33 टक्के झालेले असले पाहिजे.

आता तुम्हाला वाचता येते. मग पंचनाम्यावर न वाचता सही करू नका. नाव बरोबर आहे का? गट नंबर बरोबर आहे का? म्हैस एक लिहिली की दोन? जनावर मेलं असेल तर गुरांच्या डॉक्टरांचा दाखला घ्या. चूक दिसली तर तिथंच दुरुस्त करायला सांगा. एका आकड्याची चूक घरच्या चुलीपर्यंत पोचते.

पण या मदतीत एक उणीव आहे. पिकाची मदत सातबारा पाहून मिळते. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या मजुराचं काय? त्याचं घर बहुधा सखल जागी, ओढ्याच्या काठी. पाणी आधी त्याच्याच दारात येतं. पिकाच्या मदतीत मात्र त्याचा वाटा नसतो. घर पडलं, जनावर वाहून गेलं, तर त्याला काही मिळतं. त्याची बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

म्हणून दुसरा पैसा महत्त्वाचा. तो पुराआधीचा. नाला खोल करणे, काठाला संरक्षक भिंत बांधणे, अरुंद पुलाच्या जागी रुंद पूल करणे, अशा कामांचा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी वाटणी सांगितली : राज्यांच्या आपत्ती निधीतल्या दर 100 रुपयांतले 80 रुपये मदतीला, पुन्हा उभारणीला आणि तयारीला, 20 रुपये आधीच्या बचावाला. भिंत बांधली, तर तिच्यामागे जमीनदाराचंही घर वाचतं आणि मजुराचंही. भिंत कुणाचा सातबारा विचारत नाही.

हा पैसा मात्र आपोआप दारात येत नाही. मागावा लागतो. कसा मागायचा?

पाणी कुठून शिरलं, कुठवर चढलं, हे गावाने मिळून लिहून काढावं. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा पुसण्याआधी मोजाव्यात. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. ठराव लिहून घ्यावा, त्याची नक्कल मागावी. तो ठराव तहसीलदारांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा, पोच घ्यावी. 2005 च्या कायद्याने जिल्ह्यात आपत्तीचे प्राधिकरण असते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात.

ग्रामसभेला सखल वस्तीतल्या बायाबापड्यांनी जरूर जावं. पाणी कुठून येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं आपण म्हणतोच. पूर आल्यावर भिंत बांधता येत नाही. ती उन्हाळ्यातच बांधायची.

सांगा पाहू :
1. पंचनामा म्हणजे काय?
2. सातबारा नसलेल्या मजुराला कोणता पैसा जास्त उपयोगी पडतो? का?
3. तुमच्या गावात पाणी आधी कोणाच्या दारात येते? ग्रामसभेसाठी तसा ठराव चार ओळींत लिहा.