गांवचें धान्यकोठार : तें कशानें टिकतें?

धान्य पिकविणाऱ्याच्याच घरीं धान्याची वाण पडावी, याहून चमत्कारिक गोष्ट ती कोणती? परंतु डोंगराळ व कोरडवाहू मुलुखांत ती अनेक घरीं घडते. देणें भागविण्यासाठीं लहान शेतकरी सुगींतच भात, ज्वारी, नाचणी मिळेल त्या भावानें विकून टाकतो. आणि आषाढ-श्रावणांत, कणगी रिकामी व शेतांत काम भरपूर अशा वेळीं, तेंच धान्य चढ्या भावानें घेतो किंवा वाढीदिढीनें उसनें आणतो. एका मणाचे दीड मण फेडावयाचे म्हणजे पुढची सुगी पेरणीपूर्वींच गहाण पडली असें समजावें.

यावर गांवचें सामायिक धान्यकोठार हा जुना उपाय आहे. बंगालकडे अशा कोठारास ‘धर्मगोला’ म्हणत. केंद्र सरकारनें १९९६-९७ सालीं ‘ग्राम धान्य बँक’ योजना काढली. ३० ते ४० गरीब कुटुंबांचा एक गट व दर कुटुंबामागें १ क्विंटल धान्य असें तिचें मान होतें. २००४ सालीं ती अन्न व सार्वजनिक वितरण खात्याकडे गेली. तेलंगणांतील झहीराबाद भागांत डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पडीक जमिनी लागवडीस आणून ज्वारीचीं कोठारें भरलीं, आणि गरजू कोण हें गांवानेंच ठरविलें.

कोणी म्हणेल, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें शिधा मिळतो, मग कोठार कशास? शिधा हा हक्क आहे व तो सोडूं नये. परंतु प्राधान्य कुटुंबांतील माणसास महिना ५ किलो, म्हणजे दिवसास सुमारें १६७ ग्रॅम धान्य येतें. दिवसभर चिखलांत राबणाऱ्याचें पोट तेवढ्यानें भरत नाहीं. शिवाय ज्याचें नांव पत्रिकेवर चढलेलें नाहीं, त्याची भूक यादीची वाट पाहत नाहीं.

आतां हिशेब पाहूं. ४० घरांनीं प्रत्येकीं २५ किलो ज्वारी घातली म्हणजे १० क्विंटल झाली. ती पावसाळ्यांत उसनी देऊन सुगींत शेंकडा १० वाढीनें परत घेतली, तर ११ क्विंटल होते. पण पुढें कीड, उंदीर व ओल यांनीं शेंकडा १० नासली, तर ९ क्विंटल ९० किलोच उरते. वाढ घेऊनहि कोठार घटलें! नासाडी शेंकडा २ वर आणली, तर १० क्विंटल ७८ किलो राहते. तेव्हां गरिबावरील वाढ चढविण्याआधीं नासाडी उतरविणें हाच खरा नफा होय.

त्यासाठीं धान्य कडक उन्हांत वाळवावें. दाणा दाताखालीं कट्कन फुटला पाहिजे. ओलावा शेंकडा १२ हून अधिक नसावा. पोतीं जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीं. जुन्यांत नवें मिसळूं नये. कडुनिंबाचा पाला घालावा, परंतु तो वाळवणीची जागा घेऊं शकत नाहीं. दर पंधरवड्यास पोतें उघडून सोंडे लागले कीं काय तें पाहावें.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. धान्य देतां-घेतां एकाच काट्यावर तोलावें. कोठारास दोन कुलपें असावींत व किल्ल्या दोन घरीं, त्यांतील एक बाईच्या हातीं असावी. खातें दर महिन्यास सर्वांसमक्ष वाचावें. पांचवा हिस्सा उसना न देतां निराधार व आजारी यांच्यासाठीं राखावा. ज्याचें पीक बुडालें, त्यास वाढ न लावतां पुढच्या सुगीपर्यंत मुदत द्यावी. मात्र ही सवलत खात्यांत उघडपणें लिहावी. चोरून दिलेली माफी शेजाऱ्यासहि बुडवेगिरी शिकविते.

बाहेरून आलेल्या धान्याची मदत जरूर घ्यावी. परंतु कोठाराचा पाया सभासदांच्या धान्याचाच असावा असें आमचें मत आहे. फुकट भरलेलें कोठार परक्याचें वाटतें व परक्याचें परत करण्याची घाई कोणास नसते. ज्यांत आपली ओंजळ पडली, त्याची राखण माणूस आपण होऊन करतो. म्हणून शेतकरी बंधु-भगिनींनीं येत्या सुगींत, खळें उठण्यापूर्वींच, एकत्र बसून हा हिशेब मांडावा. आषाढांत मांडावयास बसाल, तर हातीं कागद असेल, पण कणगींत दाणा नसेल.